शेगडीजवळ वाळवलेले बूट

त्या घरात माणसं दोन, पण लाड व्हायचे ते बुटांचे. कारखान्यांची धुराडी रंगवणारा तो नवरा सुट्टीच्या दिवशी कातड्याला मेण चोळत बसायचा. बूट भिजले की आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचा. “माझ्या गालांना कधी एवढं जपलं नाहीत,” असं बायको चिडवायची.

काल तो नखशिखान्त भिजून आला, बुटांत बोळे कोंबले आणि पडल्या पडल्या झोपला. सकाळी बिचाऱ्याने ओल्यात पाय घालायचे, या विचाराने तिने बोळे काढून बूट शेगडीला टेकवून ठेवले. सकाळी तो घाईत ते घालून निघूनही गेला. मग केर काढताना शेगडीपाशी तिला वाळून सुटलेल्या सरसाचे पोपडे सापडले. बुटाला तळवा चिकटवून धरणारा सरस होता तो.

कामावर तो फोन खाली पेटीत ठेवायचा. ती चपला न घालताच धावली.

तो धुराड्याच्या अर्ध्या शिडीवर होता. सुरक्षेचा पट्टा वर पोचल्यावरच अडकवायचा असतो. उजव्या बुटाचा तळवा पावलागणिक जबड्यासारखा उघडत होता. तिने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुकादमाने तिचा दंड धरला.

“वहिनी, हाक नाही. चढणारा खाली बघायला वळला की संपलं.”

त्याने नवऱ्याच्या कमरेपासून खाली सोडलेला इशाऱ्याचा दोर हलकेच दोनदा ओढला. म्हणजे खाली ये. वरचा माणूस थांबला, मग उतरू लागला. मध्येच एक पाय निसटला आणि तो नुसत्या हातांवर लोंबकळला. तिने पदराचा बोळा दातांत गच्च धरला. पाय चाचपडत पुन्हा दांडीवर आला.

खाली टेकल्यावर त्याने तिच्या मुठीतले पोपडे पाहिले.

“मीच ठेवले शेगडीजवळ,” ती म्हणाली.

“माहीत आहे. घालतानाच कडक लागले.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू एवढ्या मायेने केलंस. बोललो असतो तर दिवसभर जेवली नसतीस.”

इतका वेळ थिजलेली भीती आता संताप होऊन वर आली.

“आणि पडला असतात, तर जेवले असते का हो मी?”

तिने खाली बसून त्याच्या पायांतले बूट स्वतः काढले आणि त्यांत परत बोळे कोंबायला मुकादमाकडे जुने कागद मागितले.