अकरा चेंडूंचं षटक

अब्दुलभाईंनी हातातल्या काउंटरचं बटण दुसऱ्यांदा दाबलं आणि पेपरचं पान उलटलं. खांदा कॉलनीतल्या आपल्या घराच्या गॅलरीत ते बसले होते. आत मटणाचा कुकर चढला होता.

या घरात कुकरच्या शिट्या अंपायरनं मोजायच्या, हा लग्नापासूनचा रिवाज. मटणाला सहा शिट्या. सहावी झाली की अब्दुलभाई ‘ओव्हर’ पुकारत आणि शहाबानो गॅस बंद करी. देशोदेशीच्या मैदानांवर षटकं मोजणारा हा माणूस घरी शिट्याही तितक्याच गंभीर चेहऱ्यानं मोजायचा. आज शहाबानो खालच्या मजल्यावर किशोरीला खीर द्यायला गेली होती. जाताना बजावून गेली होती, “ओव्हर झाली की गॅस तुम्हीच बंद करा.”

शुक्रवारी निघायचं होतं. कसोटी मालिका, बहुधा शेवटची. कालच त्यांनी फोनवर होकार कळवला होता आणि पांढरी टोपी तेव्हापासून बॅगेवर जाऊन बसली होती. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या सामन्यात चेंडू बॅटची कड घेऊन गेला, सगळा संघ ओरडला, पण कडेचा तो बारीक आवाज त्यांना ऐकूच आला नाही. त्यांनी नाबाद दिलं. यंत्रानं निर्णय फिरवला, तेव्हा भर मैदानात दोन्ही हात छातीवरून उलट खांद्यांना लावून त्यांना आपला निर्णय मागे घ्यावा लागला. सगळे म्हणाले, होतं असं कधीतरी. पण ज्या कानांनी नाव मिळवून दिलं तेच आता दगा देत होते, आणि हे कबूल करण्यापेक्षा दिवसभर उन्हात उभं राहणं अब्दुलभाईंना सोपं वाटत होतं.

दार धाडकन उघडलं. शहाबानो चपला न काढताच स्वयंपाकघरात धावली. करपल्याचा वास तेव्हा कुठे गॅलरीपर्यंत आला.

“किती झाल्या?” तिनं आतून विचारलं.

अब्दुलभाईंनी काउंटर पाहिला.

“दोन.”

ती बाहेर येऊन त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिली.

“किशोरीच्या दारात उभी राहून मी अकरा मोजल्या. वाटलं, आता बंद कराल, मग बंद कराल.”

“गाड्यांचा आवाज होता.”

खालच्या रस्त्यावर एक मांजर तेवढं अंग चाटत बसलं होतं. शहाबानोनं त्याच्याकडे पाहिलं.

अब्दुलभाईंना रोजच्या शिट्या आठवल्या. प्रत्येक शिटीबरोबर ही आतून मोठ्यानं काहीतरी बोलायची. ‘आली हो’, ‘ही अजून एक’, ‘आज भारी घाई आहे कुकरला’. बाई बडबडी आहे, असं ते कौतुकानं म्हणत. पण गेले कित्येक महिने त्यांचा अंगठा शिटीवर नव्हे, तिच्या आवाजावर चालत होता. आणि हल्ली ती सदानकदा उजव्या, त्यातल्या त्यात शाबूत कानाकडेच का उभी राहते, तेही आत्ता उमगलं.

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“ईदच्या आधीपासून.”

“मग बोलली का नाहीस?”

शहाबानोनं त्यांच्या हातातून काउंटर घेतला आणि शून्यावर आणला.

“अपील झाल्याशिवाय तुम्ही कुणाला आऊट देता का? माझ्याच्यानं अपील होईना.” मग हळूच म्हणाली, “जा तुम्ही शुक्रवारी. मशीन आहे ना सोबत.”

“मशीनकडे नंतर जातात, बानो. आधी सगळे माझ्याकडे बघतात.”

ते उठले. टोपी नसतानाही ताठ उभे राहिले आणि दोन्ही हात सावकाश छातीवरून नेऊन त्यांनी उलट खांद्यांना लावले.

गुणलेखकानं हात वर करून खूण पोचल्याचं कळवल्याशिवाय अंपायर खेळ पुढे जाऊ देत नाही. अब्दुलभाई तसेच थांबले. शहाबानोनं ओढणीनं डोळे पुसले आणि हात वर केला.