कुंकू लावणारी लाकडी बाई

मी एक जुनी लाकडी बाई आहे, मित्रांनो. हसू नका! खऱ्या बाईएवढी उंच आहे मी. मला इरकली लुगडं नेसवलेलं असे, आणि एके काळी माझ्यापुढे अख्ख्या सोलापुरातल्या बायकांची रांग लागायची. आता भवानी पेठेतल्या एका माळ्यावर पडून आहे. लुगड्याला कसर लागली, डाव्या हाताची दोन बोटं उंदरांनी कुरतडली. त्याचं रडगाणं गायला मी बसलेली नाही. लाकडाच्या नशिबी हे असायचंच. मला सांगायचं आहे ते माझ्या उजव्या हाताबद्दल.

मला ईश्वरप्पांनी घडवलं. ते कापडगिरणीत फिटर होते. घरात कानडी बोलायचे, बाहेर मराठी, आणि मोडक्या मागाशी बोलायचे ते कुठल्या भाषेत, देव जाणे. साडीच्या काठावर नक्षी उठवायला मागावर डॉबी बसवतात, ती पाहिली आहे का तुम्ही? लाकडी पट्ट्या एकापुढे एक दोरीत ओवून त्यांची माळ करतात. पट्ट्यांना भोकं असतात, भोकांत खुंट्या बसवतात. माळ फिरू लागली की खुंटी असेल त्याप्रमाणे सुतं उचलली जातात आणि नक्षी उठते. ईश्वरप्पांनी तसली माळ माझ्या पोटात बसवली आणि सुतांऐवजी माझ्या हाताला जोडली. पाठीमागची मूठ फिरवली की माझा हात चाले. आधी बोट करंड्यातल्या कुंकवात बुडे. मग ते समोरच्या बाईच्या कपाळावर टेकून हळूच गोल फिरे. शेवटी कमरेच्या फडक्याला पुसलं जाई, म्हणजे पुढच्या बाईसाठी स्वच्छ.

पण कुठल्या भोकात खुंटी घालायची, हे काही ईश्वरप्पांना जमेना. एकदा तर माझं बोट थेट त्यांच्या नाकात गेलं! तेव्हा त्यांची लेक शांतम्मा पुढे आली. मंगळवेढ्याला दिली होती ती. नवरा तापानं गेला आणि विसाव्या वर्षी ती बापाच्या घरी परत आली. कपाळावर फक्त विभूती. कुणाच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे.

ती जमिनीवर ज्वारीचे दाणे मांडून बसायची. एक दाणा म्हणजे एक खुंटी. मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. स्वतःचा हात हवेत उचलून बघायची, बाई कुंकू लावते तेव्हा मनगट कुठं वळतं, बोट कुठं थांबतं. तीन आठवडे हेच. माझ्या हाताला जो नाजूकपणा आला, तो सगळा तिचा आहे. ईश्वरप्पांनी मला अंग दिलं, पण वळण शांतम्मानं लावलं.

एकोणीसशे अठ्ठावीसच्या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत मला प्रथम उभं केलं. आमच्या सोलापुरात त्या जत्रेला गड्डा म्हणतात. काय ती गर्दी! उंच बाई माझ्यापुढे वाकायची, ठेंगणी चवड्यांवर उभी राहायची. "अगं बया, माझ्या जावंपेक्षा बरी लावती की ही!" असं एकजण म्हणाली आणि तिची जाऊ मागंच उभी होती. पडद्याआड बसून मूठ फिरवायची ती शांतम्मा. जिनं कुणाला कुंकू लावायचं नाही, अशी रीत होती, तीच माझ्या हातानं दिवसाला शेकडो बायकांना कुंकू लावत होती. हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

तिसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, कुणीतरी पडद्याआड डोकावलं. विधवा मूठ फिरवते, असा बोभाटा झाला.

संक्रांतीच्या सकाळी ईश्वरप्पांनी तेल द्यायला माझ्या पोटातली माळ काढली. दोरी कुजली होती, म्हणून पट्ट्या सुट्या करून नव्यानं ओवायच्या होत्या. शांतम्मा नेहमीप्रमाणे हात धुऊन आली.

"आज तू शिवू नगंस," ईश्वरप्पा खाली मान घालून म्हणाले. "लोक बोलायलेत."

"अप्पा, निसती ओवून देते की. तुमाला आताशा बारीक दिसत न्हाय."

"नगं म्हनलं न्हवं?"

ती मागं सरली. मला इतका राग आला! पण लाकडाचा राग कुणाला दिसतो? ईश्वरप्पांनी डोळे बारीक करून पट्ट्या ओवल्या. माझ्या पोटात माळ बसली तेव्हाच मला कळलं. त्यांनी ती उलटी ओवली होती. शेवट सुरुवातीला आला होता आणि सुरुवात शेवटी.

रांगेत पहिली होती गोजरबाई. तिचा नवरा आजारी होता, म्हणून ती मुद्दाम देवाला आली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं डोळे मिटून कपाळ पुढे केलं. ईश्वरप्पांनी मूठ फिरवली. माझं बोट आधी फडक्याला पुसलं गेलं. मग ते कोरडं बोट तिच्या कपाळावर टेकलं, गोल फिरलं, तिचं कुंकू पुसून घेतलं आणि करंड्यात जाऊन बुडालं.

मी थांबू शकले नाही, मित्रांनो. ओरडू शकले नाही. माझ्याच हातानं झालं ते.

गोजरबाईनं कपाळाला हात लावला, कोरडी बोटं बघितली आणि किंचाळली, "आगं आई! माजं कुंकू पुसलं गं!" रांग फुटली. बायका पदर कपाळावर ओढून मागं पळाल्या. "त्या पांढऱ्या कपाळाचीचा हात लागलाय हिला," कुणीतरी ओरडलं. "ओढा तिला भाईर! आन् फोडा ही बाई!" एकानं काठी उगारली. पडदा फाटला. मागं शांतम्मा उभी होती, पांढरीफटक.

मी ईश्वरप्पांकडे बघत होते. त्यांना माझ्या पोटात बघताक्षणीच चूक दिसली होती. तरी ते गप्प. चाळीस वर्षं यंत्रं जुळवणारा कारागीर, त्यानं माळ उलटी ओवली, हे चारचौघांत कसं सांगायचं? बोला ना ईश्वरप्पा, बोला! माझं काय, मला फोडलं तर सरपण होईल. पण पोरीला पुन्हा कोण दारात उभं करणार होतं?

काठी खाली यायच्या आत ते मधे पडले.

"माळ म्या ओवली," ते म्हणाले. "उलटी ओवली. पोरीचा हात न्हाय त्यात. तिचा हात लागला असता तर असं झालंच नसतं. म्या लोकाच्या तोंडाला भ्यालो आन् तिला दूर केलं." मग ते लेकीकडे वळले. "शांता, चुकलं माजं. तू ओव."

शांतम्मा सगळ्यांदेखत माझ्यापुढे बसली. पट्ट्या काढल्या, पुन्हा ओवल्या, खुंटी न् खुंटी बोटानं तपासली. पण आता माझ्यापुढे उभं कोण राहणार? एकही सवाष्ण पुढे येईना. गोजरबाई तर दोन्ही हातांनी कपाळ झाकून बसली होती.

"म्या उभी ऱ्हाते," शांतम्मा म्हणाली. "माजं काय पुसायचं हाय?"

बापानं मूठ फिरवली. माझं बोट करंड्यात बुडालं. मग ते तिच्या कपाळावर गेलं, तिनंच शिकवलेल्या वळणानं फिरलं आणि विभूतीखाली लालबुंद टिळा उमटला. यंत्राला विधवा कळत नाही, मित्रांनो. त्या दिवशी मला त्याचा आनंद झाला.

भवतालची कुजबुज वाढली. शांतम्मा भानावर आली. तिनं घाईघाईनं पदराचं टोक कपाळाकडे नेलं.

गोजरबाईनं उठून तिचं मनगट धरलं. "पुसू नगंस," ती म्हणाली. "पुसल्यावर कसं वाटतं, ते मला आत्ताच कळलंय."

मग ती स्वतः माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या मागं आणखी चारजणी आल्या. बाकीच्या निघून गेल्या आणि पुढं कधीच आल्या नाहीत. त्यानंतर चारपाच वर्षं मी गड्ड्यावर उभी होते. रांग आखूड असे, पण मूठ फिरवायला पडदा नसे. ईश्वरप्पा गेले, आणि शांतम्माही भावाकडे जेऊरला गेली, तेव्हा मी माळ्यावर आले.

मला तेल द्या, पुसा, झटका, असं मी म्हणणार नाही. दिलंत तर बरंच वाटेल. पण कुठं काही बिघडलं, कुणाचं वाईट झालं, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवायच्या आधी यंत्राचं पोट उघडून बघा. आणि माळ तुम्हीच ओवलेली असेल, तर काठी खाली यायची वाट बघू नका.