माझ्या चाकामागचा दगड

दुकानाच्या पाटीखाली ती पांढरी, उंच, नाकावर पोचा पडलेली गाडी दिसते ना? तीच मी बोलतेय. लोक मला 'जामची मोठी गाडी' म्हणतात; जाम हे आमचं गाव. कंपनीनं मला भारदस्त विलायती नाव दिलं होतं, पण ते जामच्या चौकात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, पुसलं, कुरवाळलं. जहाजातून येताना वाटायचं, आपण एखाद्या राजवाड्यात जाणार. २००५ साली येऊन पोचले ती भूपेंद्रभाऊंच्या पाइप आणि मोटारपंपांच्या दुकानासमोर.

भूपेंद्रभाऊ मनाचे मोठे आणि आवाजाचे त्याहून मोठे. हिंगणघाटच्या साळ्यानं नवी गाडी घेतल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं, म्हणून मी आले. पेले ठेवायच्या खळग्यात भाऊंनी खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुड्या ठेवल्या आणि मागच्या ऐसपैस जागेत पाइपचे वाकडे जोड, म्हणजे एल्बो, भरले. मी मनाशी म्हटलं, संसार म्हणजे असाच असणार.

मला क्लच नाही. गिअर आपोआप पडतात. उभं करायचं तर दांडा 'पी'वर न्यायचा. मग पोटातली एक खिट्टी बसते आणि चाकं अडतात. निदान तसं ठरलं होतं. माझी खिट्टी मात्र जन्मतःच अशक्त होती. कधी बसायची, कधी नुसती बसल्यासारखं करायची. हँडब्रेक होता, पण माझं वजन त्याला पेलत नव्हतं.

एका सकाळी भाऊ चौकात चार लोकांना माझे गुण सांगत होते. इंजिन सुरू, एसी सुरू, दांडा 'पी'वर. तेवढ्यात खिट्टी सुटली आणि मी मागे निघाले. आवाज नाही, गडबड नाही. मोठ्या घरची बाई मंडपातून उठून जाते तशी.

मागे शकुंतलाबाईंची तर्री-पोह्याची गाडी होती. "अवं माय, हे बिनमानसाची येऊन राह्यली नं वो!" असं ओरडत त्यांनी आधी तर्रीचा गंज, म्हणजे रश्श्याचं पातेलं, उचलला, मग स्वतःला. मी कांद्याच्या पोत्यांना टेकून थांबले.

भाऊ धावत आले. "रूपराव! चाक काऊन नाई अटकवलं?"

रूपराव म्हणजे माझा ड्रायव्हर. तो शकुंतलाबाईंच्याच बाकावर पोहे खात होता. तोंडातला घास कसाबसा गिळून तो म्हणाला, "भाऊ, मी त इथं बसलो हावो. गाडी तुमीच उभी केली."

"तोंड नको चालवू!"

झालं, निकाल लागला. माझी किंमत मोठी, म्हणून चूक माझी असूच शकत नव्हती. भाऊंची असणं तर त्याहून अशक्य. उरला रूपराव.

नागपूरच्या शोरूममध्ये टाय घातलेल्या तरुण मॅनेजरनं माझं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "सर, गाडीत काही दोष नाही. चालवणाऱ्याची सवय असते." त्यांनी मला धुतलं, भाऊंना एक चकचकीत की-चेन दिली आणि जशीच्या तशी घरी पाठवलं.

मग भाऊंच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी उपाय काढला. अंगणातला चांगला मोठा दगड आणला आणि रूपरावला म्हणाल्या, "गाडी उभी केली का हा चाकाच्या मांगं लावत जाजो." गाडीतला गालिचा खराब होऊ नये म्हणून त्यांनी दगडाला मखमली खोळ शिवली. विलायती कातड्याच्या सीटजवळ जांभळी मखमल नेसलेला दगड! माझ्या जन्मदात्यांनी पाहिलं असतं तर हातमोज्यांनी डोळे पुसले असते.

लग्नाकार्यात आमचं येणं पाहण्यासारखं असायचं. मी दारात थांबायची. रूपराव उतरायचा, दोन्ही हातांनी दगड आणून चाकामागे ठेवायचा, आणि मगच भाऊंचं दार उघडायचा. लोकांना वाटलं, मोठ्या गाडीची हीच रीत असेल. पुढच्या लग्नात भाऊंच्या साळ्यानं आपल्या धडधाकट गाडीमागे संगमरवरी दगड ठेवला. भाऊ आठवडाभर चिडलेले होते.

हसू नका. पुढे जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं.

भाऊंची लेक दिपाली हिच्यासाठी मोठी आंजी या गावाहून स्थळ आलं. पोरगा बँकेत, अश्विन नावाचा. केळझरच्या गणपतीला दोन्ही घरच्यांनी भेटायचं ठरलं. निघताना भाऊंनी बजावलं, "आज तो दगड घरीच ठेव रूपराव. पाहुन्यायसमोर माह्यी शोभा नोको."

"पन भाऊ, तिथं चढाव हाये."

"ठेव म्हनलं नं!"

टेकडीवर ऊन मी म्हणत होतं. दर्शन झालं. मुलाची आई सुमित्राबाई घामाघूम झाल्या, म्हणून अन्नपूर्णाबाईंनी त्यांना माझ्या मागच्या सीटवर गारव्याला बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. इंजिन सुरू ठेवून रूपराव नारळ आणायला गेला. माझं तोंड चढाकडे, पाठ उताराकडे. उताराच्या तळाशी प्रसादाची दुकानं, आणि त्यांच्यासमोर माणसंच माणसं.

पोटात काहीतरी निसटलं. थांबायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण गाडीच्या इच्छेला कोण विचारतं? मी निघाले.

सुमित्राबाई म्हणाल्या, "अवं, झाडं काऊन पुढं चालले?"

अन्नपूर्णाबाईंना लगेच उमगलं. त्यांनी आयुष्यात स्टेअरिंगला हात लावला नव्हता, पण रूपराव कुठे पाय दाबतो ते रोज पाहिलं होतं. नऊवारीचा काष्टा सावरत त्या दोन सीटांच्या मधून पुढे झेपावल्या. पायांना जागा मिळाली नाही, तेव्हा डोकं खाली घातलं आणि दोन्ही हातांनी ब्रेकवर सगळा भार टाकला. मी करकचून थांबले. पहिलं दुकान इतकं जवळ होतं की तिथला दुर्वांचा हार माझ्या मागच्या काचेला चिकटला.

अन्नपूर्णाबाईंचं डोकं ब्रेकपाशी आणि पाय सुमित्राबाईंच्या मांडीवर. हात सोडला की मी पुन्हा निघणार, म्हणून त्या तशाच राहिल्या. धावत आलेला रूपराव दगड शोधायला लागला. मग खालून आवाज आला.

"सुमित्राबाई, पोरगी पसंत हाये का?"

सुमित्राबाईंनी अन्नपूर्णाबाईंचे दोन्ही पाय घट्ट धरले. "पसंत हाये वो. अश्या मायची पोरगी कोन सोडते? पन तुमी हात नोका सोडू!"

रूपरावनं दगड लावला. अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांची मनगटं सुजली होती. भाऊंनी रूपरावकडे बघून तोंड उघडलं.

"त्याले एक शब्द बोलसान त पाहा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. भाऊंनी तोंड मिटलं. ते मिटल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी रूपरावला गाडी चालवायला घेऊन त्या स्वतः नागपूरच्या शोरूममध्ये आल्या. मॅनेजर तेच सांगायला लागला, "मॅडम, गाडीत दोष नाही."

"नाई नं? मंग तुमची फटफटी कोनती?"

त्यानं कोपऱ्यातली नवी, लाल मोटारसायकल दाखवली.

"ते आना आन माह्या गाडीच्या मांगं उभी करा. उतारावर. मी दांडा 'पी'वर ठेवून खाली उतरते."

मॅनेजरनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग फटफटीकडे. बराच वेळ तो टायशी खेळला. शेवटी म्हणाला, "मी तक्रार वर पाठवतो, मॅडम."

काही महिन्यांनी फोन आला. कंपनी या मॉडेलच्या सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावत होती. भाऊंनी 'परत' एवढंच ऐकलं. "माह्यी गाडी घेऊन जाते म्हंजे का?" म्हणून त्यांनी मला गोदामात पाइपांमागे लपवलं आणि वरून ताडपत्री टाकली. चौकातले लोक भाऊंना भेटायला येऊ लागले. कुणी मयतीला आल्यासारखं हळू बोलायचं, तर कुणी ताडपत्रीवर हात फिरवून जायचं.

अन्नपूर्णाबाईंनी ताडपत्री ओढून काढली. "पोरीले माहेरून बोलावनं आलं. दवापानी करून धाडतीन वापस. आना चाबी." त्यांनी मला हळदकुंकू लावलं आणि भाऊ व रूपरावला घेऊन मी निघाले.

नागपूरच्या वर्कशॉपच्या आवारात माझ्या बहिणी रांगेनं उभ्या होत्या. अमरावतीची, चंद्रपूरची, यवतमाळची. आणि काय सांगू, प्रत्येकीच्या चाकामागे काहीतरी होतंच! कुणाला वीट, कुणाला बाभळीचा ओंडका. चंद्रपूरच्या डॉक्टरसाहेबांच्या गाडीला तर चक्क पाटा. प्रत्येक मालकाला वाटत होतं की आपलाच ड्रायव्हर बेपर्वा. आणि एवढ्या महागाच्या गाडीला दगड लागतो, हे लाजेपायी कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

भाऊ रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. माझी खिट्टी बदलली, हँडब्रेक बदलला. निघताना भाऊंनी मागचं दार उघडलं. "रूपराव, बस."

"मी? मांगं?"

"बस नं बाबा. गाडी मी चालवतो."

जामपर्यंत रूपराव कातड्याच्या सीटवर अंग चोरून बसला होता. बुटीबोरीच्या पुढे मात्र त्यानं हळूच पाय पसरले. भाऊंनी आरशात पाहिलं आणि एसी वाढवला.

त्याला आता काही वर्षं झाली. दिपाली आंजीला सुखात आहे. माझा रंग उडालाय, सीट उसवल्यात, पण जिथे उभी करतात तिथे मी खांबासारखी उभी राहते. बाबांनो, एवढंच मागणं आहे: गाडी कुरकुरली तर आधी गाडी तपासा, माणूस नंतर. आणि दुखणं लपवू नका. शेजाऱ्याच्या चाकामागेही दगड असतो.

आता निरोप द्या. अन्नपूर्णाबाई गाडी शिकतायत. त्या येतायत बघा, हातात चाबी, डोळ्यांवर गॉगल. त्यांना पुढे जाणं छान जमतं; मागे घेताना मात्र त्या आरशात बघायचं सोडून देवाचं नाव घेतात. माझे ब्रेक ठणठणीत आहेत. तरी जरा लांबच उभे राहा. यापुढे जे होईल, त्यासाठी कुठलीच कंपनी कुणाला परत बोलावत नाही.