मारितच्या लग्नात मी गप्प बसले

मित्रांनो, आमच्या बेटावरच्या छोट्या चर्चमध्ये डावीकडच्या खिडकीखाली जी जुनी पायपेटी उभी आहे, ती मी. माझे वय विचारू नका. एक काळी पट्टी अडकते आणि थंडीत भाता जरा खोकतो, एवढे सांगितले की पुरे.

युहान सुताराने मला घडवले. भात्याला त्याने स्वतःच्याच मेंढीचे कातडे लावले. ती मेंढी फार ओरडायची, असे तो हसत सांगे. माझा आवाज एवढा मोठा का, हे आता तुम्हाला कळले असेल. पुढे राजवट बदलली, आमच्या चर्चचे बटाट्याचे गोदाम झाले आणि मला सामूहिक शेतीच्या सभागृहात नेऊन ठेवले. तिथे उपासनेच्या गीतांना बंदी होती. पण गळे तर तापवायला हवेत! गायन शिकवणाऱ्या हिल्दाबाई तालमीआधी माझ्यावर एक संथ चाल वाजवायच्या आणि मुले ती चार आवाजांत 'ला ला ला' करीत म्हणायची. चाल कुठली, हे बाईंनी कधी सांगितले नाही. मला ठाऊक होते, पण मीही तोंड उघडले नाही.

तीही राजवट गेली. मला परत चर्चमध्ये आणले, पण माणसे काही आली नाहीत. रविवारी मोजून सात जण जमतात. मला वाजवतात ते एंडेलआजोबा, आणि मोठ्याने गाते ती एकटी मारित. ती बेटावर टपाल वाटते. बाकीचे पाच जण ओठ हलवतात.

अशा या मारितचे लग्न ठरले, फेरीबोटीवरच्या टानेलशी. मुलगा गुणी, पण देवाधर्माशी त्याचा संबंध नाही. पाहुणे साठ, तेही जवळजवळ सगळे त्याच्यासारखेच. मारित गीतांचे पुस्तक घेऊन माझ्याशेजारी बसली. तिचे लाडके गीत, म्हणजे तीच संथ चाल, तिने सगळ्यांत आधी बाद केले.

"हे नको, आजोबा. ओळीओळीत देव आहे. सगळे चुळबुळ करतील."

"मग हे?"

"यात तर रक्तच रक्त आहे!"

"बरं बाई, हे घे. यात नुसती फुलं आहेत."

मारितने ते वाचले. "यात फुलं आहेत, पण मी कुठे आहे?" ती म्हणाली. मग पुस्तक मिटून हळूच बोलली, "फोनवर काहीतरी मंद लावू. मी गायला लागेन आणि मागे साठ माणसं आपापले जोडे बघत उभी राहतील. रविवारी चालतं हो. लग्नात नाही सहन होणार."

आजोबांनी माझे झाकण लावले. मला फार वाईट वाटले, माझ्यासाठी थोडे आणि तिच्यासाठी जास्त.

लग्नाच्या आदल्या दिवशी टानेलची आई उर्वे फुले लावायला आली, तेव्हा मारित आणि आजोबाही तिथेच होते. मला पाहताच ती थबकली.

"अगंबाई, ही इथे आहे होय! हिची काळी पट्टी अजून अडकते का?" तिने झाकण उचलून दाबून पाहिली. "अडकते! शहाणी गं माझी."

मित्रांनो, सभागृहात पुढच्या रांगेत उभी राहणारी दोन वेण्यांची उर्वे मी लगेच ओळखली.

"उद्या आम्ही काय गायचंय?" तिने मारितला विचारले.

"काही नाही, काकू. तुम्हाला अवघडायला नको म्हणून फोनवरच लावतोय."

"फोनवर? आमच्या हिल्दाबाईंच्या गायनमंडळाची चाळीस माणसं येतायत आणि गाणार फोन? पाहुण्यांना उपाशी बसवून जेवणाचा फोटो दाखवतेस का?"

मारित लाल झाली. "पण मला हवं ते गीत तुमचं नाही, काकू…"

आजोबांनी भात्यावर पाय ठेवले आणि ते गीत वाजवायला घेतले. दुसऱ्या ओळीला उर्वेचा खालचा आवाज आपोआप येऊन मिळाला, 'ला ला ला'. मारित बघतच राहिली.

"हे? याच्यावर तर आम्ही दहा वर्षं गळे तापवले!" उर्वे म्हणाली. "याला शब्दपण आहेत?"

मारितने पुस्तक पुढे केले. उर्वेने चष्मा लावून चारही कडवी वाचली.

"देव बराच आहे गं."

"म्हणूनच तर…"

"असू दे. लग्न तुझं, मग देव काय माझा असणार? मला तर देव नाहीच. पण पाहुण्याने यजमानाने वाढलेलं वेचून खाऊ नये. आण ते पुस्तक. संध्याकाळी सगळ्या पाहुण्यांचं सौनात वाफेचं स्नान आहेच."

सौनाच्या वाफेत कागद टिकत नाही, शाई ओघळते. त्यामुळे पाठच करावे लागते. सौना चर्चच्या मागेच आहे आणि माझी खिडकी उघडी होती. आतून उर्वे एकेक ओळ ओरडून सांगत होती आणि बायका ती म्हणत होत्या. बाहेर बाकावर आपली पाळी यायची वाट बघत बसलेल्या पुरुषांनी बिअर पीत पीत खालचा सूर धरला.

"बेसूर कोण आहे रे तिकडे?" आतून उर्वे कडाडली.

"तुमचाच मुलगा!" बाकावरून उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी मारित आणि टानेल वेदीकडे तोंड करून उभे राहिले. पाहुणे मागे होते. मारितला सौनातल्या तालमीचे काही माहीत नव्हते. उर्वेने फक्त फोन बंद ठेवायला सांगितले होते. आजोबांनी पहिली ओळ वाजवली. मारितची मान ताठ झालेली मला दिसली. आणि मग मागून चार आवाजांत, शब्दांसकट, गीत उठले. कोणाच्याच हातात कागद नव्हता.

दुसऱ्या कडव्याला आजोबांनी पाय थांबवले. मला रागच आला. एवढ्या वर्षांनी या चालीला शब्द परत मिळाले आणि मलाच गप्प करता? पण मग मी ऐकले. कोणी अडखळत नव्हते. टानेलसुद्धा गात होता, बेसूर आणि अगदी मनापासून. मारित गायचे सोडून मागे वळली आणि एकेकाचे तोंड बघू लागली. आजोबा डोळे पुसत होते. त्या दिवशी चर्चमध्ये तिघेच जण गात नव्हते: मारित, आजोबा आणि मी.

मित्रांनो, घरात एखादी जुनी पेटी असेल तर तिला अधूनमधून वाजवा, भात्यात उंदीर शिरू देऊ नका. आणि पाहुण्यांना रुचणार नाही म्हणून आपले लाडके गाणे पुस्तकात मिटून ठेवू नका. आधी त्यांना विचारा तरी. चाल त्यांना कदाचित तुमच्याही आधीपासून येत असेल.