सांध्यातला बर्फ

बहरीनच्या विमानतळावर विमानावरचा बर्फ काढायची गाडी नव्हती. असण्याचं कारणही नव्हतं. जानेवारीतसुद्धा आम्ही स्वेटर घालायचो ते हौसेने. मी तिथल्या इंधन तपासणीच्या प्रयोगशाळेत होते आणि माझ्या खिडकीतून विमानं उभी राहतात ती जागा दिसायची.

१९८४च्या त्या दमट सकाळी तिथे एका परदेशी आरमाराचं मालवाहू विमान उभं होतं. विमानवाहू जहाजावर जागा कमी पडते, म्हणून त्याचे पंख मधोमध वळून मागे अंगाशी मिटत, बगळा बसतो तसे. एरवी ते जहाजावरूनच यायचं आणि डाक, भाजी भरून परत जायचं. आलं की गुंडू परबची टोळी त्याला गोड्या पाण्याने धुवायची. खाऱ्या हवेचा पांढरा थर तसाच राहिला तर धातू खातो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी मात्र ते दूरच्या तळावरून, फार उंचावरून, कित्येक तास उडत आलं होतं. जहाजावर क्रेनचा दोर तुटून एक खलाशी चिरडला होता. त्याच्या दुर्मीळ गटाचं रक्त मनामा शहरात मिळालं होतं आणि दुपारपर्यंत ते जहाजावर पोचलं नसतं, तर डॉक्टरांना शस्त्रक्रियेला हात लावता येणार नव्हता. रक्तपेढीची अकीला दोन डबे घेऊन स्वतः आली होती. ती इथल्याच बुसैतीन गावची, तोंडाने फटकळ, आणि हिंदी शिकलेली सिनेमे पाहून.

गुंडूने सवयीप्रमाणे पंखावरचा पांढरा थर पाहिला आणि पाइप सोडला. पाणी वाहून गेलं नाही. पंखावरच काचेसारखं थिजलं.

“बाय, ह्यां मीठ न्हय गे!” तो माझ्या दारात येऊन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “साहेबाक सांगूक होया.”

साहेब म्हणजे चंद्रशेखर ओगले, जमिनीवरच्या दुरुस्तीचे इंजिनियर, पुण्याचे. आम्ही पोचलो तेव्हा ते शिडीवर होते आणि तळहात पंखावर ठेवून उभे होते.

“मेधाबाई, या. पाठ्यपुस्तकातलं चित्र बघा.”

खरंच चित्र होतं. पंखाच्या आतल्या, न मिटणाऱ्या भागात इंधनाच्या टाक्या होत्या, वाटेत आधी जादा टाक्यांतलं इंधन वापरल्यामुळे अजून काठोकाठ भरलेल्या. वरच्या थंडीत ते इंधन शून्याच्या बरंच खाली गेलं होतं. आमची दमट हवा त्या पत्र्याला लागली आणि तिच्यातल्या बाष्पाचं पांढरं दहिवर झालं. गुंडूच्या पाण्याचा बर्फ झाला. पंखाचा बाहेरचा, मिटणारा भाग मात्र कोरडा होता, कारण त्यात इंधनच नव्हतं. बर्फाची रेघ बरोबर सांध्यापाशी संपत होती. आणि पंख मिटलेले असल्याने सांध्याचं तोंड उघडं होतं. पाणी त्यातही गेलं होतं.

“माजी चूक, साहेब,” गुंडू म्हणाला.

“गुंडूभाऊ, बहरीनमध्ये पांढरं दिसलं तर मीठच समजायचं. मीही तेच समजलो असतो. आता टोळी बोलवा आणि कोरडी फडकी आणा. रडायचं नंतर बघू.”

विमानाचा कप्तान घड्याळ बघत आला. त्याचं म्हणणं सोपं होतं: पंख उघडा, मी निघतो, असलं पांढरं वाऱ्याने उडून जातं.

“उघडले की सांधा मिटेल,” चंद्रशेखर इंग्रजीत शांतपणे म्हणाले. “मग आत काय आहे ते कुणालाच दिसणार नाही. पंख जागी धरणाऱ्या कुलपाच्या खिळ्यांच्या भोकात बर्फ असेल, तर खिळा अर्धाच बसेल. मी सही करणार नाही.”

अकीला पुढे झाली. “भाईसाब, धूप आयेगी, पिघल जायेगा. यल्ला, जल्दी!”

“पिघल के और अंदर जायेगा, बहनजी. ऊपर जाके फिर जमेगा.”

“मेरे डब्बे में बर्फ चाहिये और तेरे प्लेन में नहीं चाहिये,” ती चिडून म्हणाली. “अल्ला ने उल्टा बाँट दिया.”

चंद्रशेखरांनी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच कप्तान हसला. पण घड्याळाकडे बघणं त्याने सोडलं नाही.

चंद्रशेखर माझ्याकडे वळले. “सांध्यातला बर्फ विरघळवायला तुमच्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल किती आहे? आणि एक रिकामा टँकर हवा. थंड इंधन काढून घेतो, आपलं भरतो.”

मला त्याक्षणी गणिताचं उत्तर जुळल्यावर होतो तसा आनंद झाला. वरून काही ओतायचंच नाही. आमच्या टाक्यांतलं इंधन खोलीतल्या हवेइतकं कोमट. तेच आतून पत्रा गरम करेल. काढलेलं इंधन तपासल्याशिवाय साठवायचं नाही, हा आमचा नियम. मी तो टँकर वेगळा उभा करवला आणि अल्कोहोलचे डबे स्वतः उचलून आणले.

एकीकडे नळ्या लागल्या. दुसरीकडे चंद्रशेखर अल्कोहोलची फडकी घेऊन सांध्यात कोपरापर्यंत शिरले. भोकं पुसली, खिळे पुसले. अल्कोहोलने वंगणही धुतलं गेलं होतं, म्हणून नवं वंगण बोटाने भरलं. घाई त्यांच्या पायांत दिसत होती, हातांत नाही. एका पंखावरून दुसऱ्या पंखाकडे ते पळत गेले आणि शिडी चढल्यावर पुन्हा तितकेच सावकाश झाले.

पत्र्यावरचा बर्फ आधी कडांनी सुटला, मग ढलप्यांनी घसरला. गुंडूची माणसं त्या उचलून बादलीत टाकत होती. एकाने ढलपी गालाला लावली.

मग पंख उघडले. खिळे बसल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मला वाटलं, झालं.

“खलास?” अकीलाने विचारलं.

“अजून नाही.” काचेसारखा बर्फ ओल्या पत्र्यावर दिसत नाही. चंद्रशेखरांनी अंगठी काढून खिशात टाकली आणि उघड्या तळहाताने पंख चाचपत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आंधळा माणूस चेहरा ओळखतो तसे. सांध्याजवळ एका जागी हात थांबला. फडकं मागितलं, पुसलं, पुन्हा हात ठेवला. दुसरा पंखही तसाच. कप्तान त्यांच्या मागोमाग खालून चालत होता, आणि आता घड्याळ बघत नव्हता.

सही झाली. रक्ताचे डबे चढले. विमान समुद्राच्या दिशेने गेलं तेव्हा अकीला ओठ हलवत उभी होती, आणि चंद्रशेखर हात काखेत दाबून. त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी थर्मासमधला चहा पुढे केला. कप त्यांना धरता येईना, म्हणून तो गुंडूने धरला.

दोन दिवसांनी विमान जहाजावरून परत आलं. दोन्ही डबे रिकामे होते. अकीलाने ते उघडून आत पाहिलं, उलटे करूनही पाहिले, आणि कप्तानाला विचारलं, “तो?”

“शुद्धीवर आहे,” कप्तान म्हणाला. “जेवणाला नावं ठेवतोय.”

तिने ते मला हिंदीत सांगितलं आणि मी चंद्रशेखरांना सांगायला वळले. ते ऐकत होते, पण बघत होते पलीकडे. पंखावर समुद्राचा पांढरा थर होता आणि खाली गुंडू पाइप घेऊन उभा होता. त्याने पाइप खाली ठेवला, शिडी लावली, वर चढला आणि पंखावर तळहात टेकवला.

“गरम आसा, साहेब,” तो वरून ओरडला. “आता मारतंय पाणी.”