पूर्णविराम नसलेलं पत्र

आईबाबांना मी कॉम्प्युटर घेऊन दिला त्याला चार वर्षं झाली होती. तो बसवून द्यायला गेले तेव्हा दोन दिवस राहिले आणि बाबांना तीन गोष्टी शिकवल्या: सुरू कसा करायचा, रविवारी माझा चेहरा पडद्यावर कसा आणायचा आणि बंद कसा करायचा. चौथी गोष्ट, म्हणजे पत्त्यांचा डाव, त्यांना आपोआप सापडली. मला वाटलं, एवढं पुष्कळ झालं. खरं सांगायचं तर मला तेवढंच हवं होतं.

बाबा घड्याळजी आहेत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं उचलणारा हा माणूस कॉम्प्युटरचा माउस मात्र तापलेलं भांडं धरावं तसा धरायचा. "बिघडला तर?" हे त्यांचं पालुपद. घड्याळाचं झाकण मालकानं उघडू नये, हा त्यांचा धंद्यातला नियम त्यांनी स्वतःलाही लावून टाकला होता.

आई तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायची. घरात औषधाच्या डबीतला कागदसुद्धा तिच्या लाल पेन्सिलीतून सुटायचा नाही. मी वसतिगृहात असताना माझी पत्रं दुरुस्त होऊन मला परत यायची. खाली शेरा: "मजकूर उत्तम. वेलांट्या भयंकर." बाबांच्या लेखी तर न आणि ण हे सख्खे भाऊ, कोणीही आला तरी चालतं. लग्नाआधी त्यांनी आईला एकच चिठ्ठी लिहिली. ती तपासून परत आली, आणि बाबांनी लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच.

गेल्या वर्षी बाबांचं भिंग जागेवर सापडेनासं झालं. दोन-तीनदा झालं तेव्हा त्यांनी स्वतःच्या विसरभोळेपणाला नावं ठेवली. मग एका दुपारी ते पाणी प्यायला आत गेले, तर आई खिडकीशी पाठमोरी बसलेली. डोळ्याला त्यांचं भिंग, आणि वर्तमानपत्र जवळजवळ नाकाला टेकलेलं. एक ओळ संपली की ती मान वळवून पुढची शोधत होती आणि तिला ती सापडत नव्हती.

बाबा पाणी न पिताच आल्या पावली परत गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आई एकटीच जाऊन आली होती. "चष्म्याचा नंबर वाढलाय," एवढंच तिनं सांगितलं होतं. आता बाबांनी नीट पाहिलं, तर उशाशी असलेल्या कादंबरीतली खूण तीन महिने त्याच पानात होती. त्यांनी काही विचारलं नाही. आमच्या घरात एकमेकांना जपण्याची हीच रीत आहे, दोघांनीही गप्प बसायचं.

त्याच आठवड्यात सार्वजनिक वाचनालयातल्या बाई घड्याळाचा सेल बदलायला दुकानात आल्या. मंगळवारी सकाळी त्या मोठ्या माणसांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग घ्यायच्या. बाबांनी झाकण बसवता बसवता सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करता येतात का हो?"

"हवी तेवढी. आणि मजकूर वाचूनही दाखवता येतो."

बाबांचा हात थांबला. "कोण वाचून दाखवतं?"

"कॉम्प्युटरच."

"चार वर्षं माझ्या घरात आहे. कधी बोलला नाही."

"तुम्ही कधी विचारलंत का त्याला?" बाई म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी बाबा वर्गाला जाऊन बसले. आईला सांगितलं, घड्याळांचे सुटे भाग आणायला जातोय. आई म्हणते, तिला लगेच संशय आला होता, कारण जाताना पिशवी रिकामी आणि येतानाही रिकामीच. वर्गात एक निवृत्त बसड्रायव्हर होता, एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या आणि एक फुलवाला, ज्याला फक्त नातवंडांचे फोटो एका जागी ठेवायचे होते. वाचनालयातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काही बिघडत नाही. चुकलात तर एक पाऊल मागे जायचं बटण आहे." बाबा म्हणाले, "घड्याळात असं बटण असतं तर मला एवढी वर्षं शांत झोप लागली असती." सगळे हसले, आणि तिथून त्यांची भीड चेपली. प्रत्येक गोष्ट ते वहीत आकृती काढून टिपून घ्यायचे, घड्याळ उघडताना चाकं कोणत्या क्रमानं निघाली हे टिपतात तसं.

चौथ्या मंगळवारी त्यांना वाटलं, आता सांगावं. घरी येऊन त्यांनी पडद्यावरची अक्षरं बोटाएवढी केली आणि आईला हाक मारली. "अगं, हे बघ. आणि हा वाचूनही दाखवतो, म्हणजे तुला..."

"मला काय?" आई म्हणाली. "मला वाचून दाखवायला मी काय पाळण्यात आहे? आणि माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" ती आत निघून गेली आणि तिनं भांडी जरा जास्तच जोरात ठेवली.

बाबांना तोंडानं समजावणं कधी जमलेलं नाही. मग त्यांनी जे चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. तीन दिवस, दुकान उघडण्याआधी, एका बोटानं त्यांनी पत्र टाइप केलं. शुक्रवारी आई कॉम्प्युटरशेजारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा त्यांनी वाचायचं बटण दाबलं आणि स्वतः दुकानात पळाले.

कॉम्प्युटरमधली बाई सपाट आवाजात वाचू लागली:

"तुझ्या डोळ्यांचं मला कळलंय भिंग तू घेतेस तेही कळलंय मी विचारलं नाही कारन तू सांगितलं नाहीस पन तू खिडकीशी बसून ओळ शोधत होतीस ते मला बघवलं नाही मी आयुष्यभर लोकांची बारीक कामं केली आनि घरातलं एवढं मोठं मला दिसलं नाही..."

आई चादर हातात धरून उभी राहिली होती. "'कारन' नाही, 'कारण'," ती म्हणाली. बाई पुढे वाचतच होती. "'आणि'. बाणातला ण." बाई थांबेना. शेवटी आईनं दुकानाच्या दिशेनं आवाज दिला, "अहो, हिला थांबवा आधी. ही बाई श्वाससुद्धा घेत नाही."

बाबा दारात आले. "तिचा दोष नाही. पूर्णविराम मीच दिले नाहीत. मला ते बटण सापडलं नाही."

आईनं चादर बाजूला ठेवली. "परत लावा," ती म्हणाली.

त्यांनी परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तिनं चुका सांगितल्या नाहीत. पत्र संपल्यावर तिनं डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं: नजरेच्या मध्यावरचं हळूहळू पुसत जाणार, कडेचं राहील, औषधानं वेग कमी होईल, पण गेलेलं परत यायचं नाही. बाबा ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "मला आधी सांगायचंस." आई म्हणाली, "तुम्ही विचारायचंत." मग तिनं खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. "पूर्णविराम कुठे आहे ते शोधू या."

त्या दिवशी तिनं ते पत्र दुरुस्त केलं. बोटाएवढ्या अक्षरांतलं एकेक अक्षर नजरेच्या कडेनं पकडायचं, बाबांना त्यांच्या वहीतल्या आकृत्या विचारायच्या, आणि वाक्य झालं की त्या बाईला वाचायला लावायचं. ते करताना तिच्या ध्यानात आलं की हे काम तिला नवं नाही. छापखान्यात सुरुवातीला एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा छापलेलं तपासायचा. "आपला डोळा लबाड असतो," तिनं मला नंतर सांगितलं. "जे असायला हवं तेच वाचतो. ही बाई जे आहे तेच वाचते. वेलांट्या तिला कळत नाहीत, पण त्यांच्यासाठी मी आहे."

शेवटच्या दोन मंगळवारी ती बाबांबरोबर वर्गाला गेली. वर्गात वाटलेल्या माहितीपत्रकात तिला अकरा चुका सापडल्या, तेही त्याची कॉम्प्युटरवरची प्रत घरी ऐकून. वाचनालयातल्या बाईंनी हात जोडले आणि पुढची सगळी पत्रकं तिच्याकडेच सोपवली. बदल्यात वाचनालयाची पुस्तकं घरबसल्या कॉम्प्युटरवर कशी घ्यायची ते तिला शिकवलं.

हे सगळं मला कळलं ते एका रविवारी. एरवी बाबांच्या मागे, पडद्याच्या कोपऱ्यात बसणारी आई त्या दिवशी पुढे बसली होती. गेले कित्येक महिने ती मागे का बसते, हे मी कधी विचारलंही नव्हतं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तू हे चार वर्षांपूर्वी का नाही शिकवलंस?"

"आई, मलाच माहीत नव्हतं."

"रोज आठ तास त्याच्यासमोर बसतेस ना? मग करतेस तरी काय?"

ऑफिसात जेवढं लागतं तेवढंच मला येतं. त्याच्या पलीकडचं कधी उघडून पाहिलं नाही, आणि आईबाबांना तर त्याहून कमी दिलं, माझी सोय होईल तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी आमच्या इथल्या वर्गाची चौकशी केली. आता त्या वर्गात माझ्या शेजारी एक सुतार बसतो. त्याला माझ्यापेक्षा लवकर समजतं.

मागच्या महिन्यात घरी गेले होते. दुकान बंद करून बाबा आत आले आणि आईशेजारी बसले. आईनं एक कादंबरी लावली होती. आता ती कॉम्प्युटरमधल्या त्या बाईला इतकं पळवते की मला एक शब्द उमगला नाही, नुसती सरसर ऐकू येत होती. बाबांनाही काही कळत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तरी ते मन लावून ऐकत होते. प्रकरण संपलं तेव्हा आईनं आवाज थांबवला.

"काय झालं पुढे?" बाबांनी विचारलं.

आई पाय वर घेऊन बसली आणि सांगायला लागली.