मेल्यानंतरची सोळा पानं

मी एक कादंबरी बोलतेय, आणि वैतागून बोलतेय. सोलापुरात साखर पेठेतल्या एका वाचनालयात माझा मुक्काम. माझं खरं नाव कुणी घेतच नाही. "ती चार पिढ्यांची जाडी द्या हो," असं म्हणतात. पन्नाशीच्या बाईला तोंडावर असं कुणी म्हणतं का?

छापखान्यातून आले तेव्हा मी अगदी शिस्तीत होते. पणजोबांनी माळावर विहीर खणली, आजोबांनी बाग लावली, मुलं भांडली, नातवंडं शहरात पांगली, सगळं ओळीनं. वाचकांनी मला डोक्यावर घेतलं. माझ्यासाठी नंबर लावायचे. एक मास्तर तर बार्शीहून एसटीनं येऊन मला घेऊन गेले होते. त्या प्रेमानंच माझी पाठ खिळखिळी झाली.

म्हणून तीस वर्षांपूर्वी मला बाइंडिंगला दिलं. महादेवप्पांचा हात चांगला, पण त्या दिवशी ते चष्मा घरी विसरले होते. त्यांनी माझ्या सोळा-सोळा पानांच्या घड्या सुट्या केल्या आणि परत शिवताना एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर ही घडी दोनशे आठव्या पानाच्या पुढं शिवून टाकली. झालं! घरची थोरली यमुनाक्का दोनशे पाचव्या पानावर मरते. तिला पोचवून माणसं दोनशे आठव्या पानावर घरी येतात. समोरचं पान बघावं तर ही बाई चुलीपुढं बसून सुनेला विचारतेय, "आमटीत मीठ घातलंस का गं?"

मला वाटलं, पहिलाच वाचक ओरडत येईल. कसलं काय! पानांचे आकडे बघतो कोण? एकानं समासात लिहिलं, 'अप्रतिम'. दुसऱ्यानं त्याखाली, 'सहमत'. आणि सुबोध सर, कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे प्राध्यापक, दर वाचक मेळाव्यात उभे राहून सांगतात की इथं लेखकानं काळाची चौकट मोडलीय. अहो सर, लेखकानं बिचाऱ्यानं सरळच लिहिलं होतं, माझी घडी चुकलीय! पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार, आणि पुस्तकाचं ऐकतंय कोण?

त्यात ती महानंदा. मूळची मोडनिंबची, इथं पेठेत कडक भाकऱ्या करून विकते. दर वर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली की येते, खिडकीपाशी बसते, तेवढीच सोळा पानं वाचते आणि जाते. हाताचं ज्वारीचं पीठ नेमकं त्याच सांध्यात सांडून ठेवते. मग मुंग्या येतात. वाचायचं तर अख्खं वाचावं की, आणि हात धुऊन वाचावं! मी फार चिडायचे तिच्यावर.

यंदा मला पन्नास वर्षं झाली म्हणून मोठा मेळावा ठरला. त्यासाठी नवे ग्रंथपाल श्रीशैल यांनी मला वाचायला घेतलं आणि दोनशे आठव्या पानावर ते थांबले. आकडे बघितले, परत बघितले, कपाळाला हात लावला. तीस वर्षांनी एक शहाणा भेटला, मला रडूच यायचं बाकी राहिलं. त्यांनी लगेच महादेवप्पांना फोन केला आणि मला बाइंडिंगच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी महानंदा आली. श्रीशैलनी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं की पानं चुकीच्या जागी आहेत, आता नीट होणार.

"ठाऊक हाय की मला," ती म्हणाली. "पयल्याच खेपंला आकडं बगितलं हुतं."

"मग मावशी, सांगितलं का नाहीत?"

"माजी आई गेली त्या वर्साला वाचलं हे. तिला पोचवून घरी आलो, तर चुलीम्होरं जागा रिकामी. हितं यमुनाक्का परत येती, दादा. सोळाच पानं, पर येती. नीट केल्यावर मेली की मेलीच. नका हलवू."

मी मनातून हादरले. इतक्या वाचकांनी माझं कौतुक केलं, पण मला नीट वाचलं होतं ते हिनं एकटीनं. आणि मी मुंग्यांवरून तिच्यावर चिडत बसले होते. मला माझीच लाज वाटली.

दुपारी महादेवप्पा आले. आता ऐंशीचे आहेत, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. त्यांनी गठ्ठा उचलला तसं श्रीशैलनी वरून मला काढून घेतलं. "हे राहू द्या," म्हणाले, आणि मला परत कपाटात ठेवलं.

म्हणजे आता सुबोध सरांची ती काळाची चौकट मला मरेपर्यंत ऐकावी लागणार. ऐकेन, दुसरं काय करते! मेळाव्याला कोरी, नीट शिवलेली प्रत आणा, तिलाच हार घाला. माझं म्हणणं एवढंच आहे, महानंदा. पुढच्या वर्षी येशील तेव्हा हात धुवत बसू नकोस, तशीच ये. आक्का चुलीपुढं बसलेली आहे.